बांधावरची कोल्ड रूम: माल थंड कसा राहतो? घेण्याआधी काय बघाल?

टोमॅटोची तोडणी झाली आणि त्याच दिवशी बाजार पडला, तर करायचं काय? उन्हाळ्यात पिकलेला माल घरी फार दिवस थांबत नाही, मग मिळेल त्या भावात द्यावा लागतो. अशा वेळी उपयोगी पडते ती ट्रकवरून हलवता येणारी, क्रेट घेऊन चालत आत जाता येईल अशी छोटी कोल्ड रूम. पण तिचं काम कसं चालतं हे माहीत नसेल, तर पैसे आणि माल दोन्ही जातात.

मशीन थंडी 'भरत' नाही

घरच्या फ्रीजसारखंच हे तंत्र आहे. आतल्या कॉइलमधला गॅस खोलीतली उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबून बाहेरच्या कॉइलकडे पाठवतो आणि तिथे उष्णता हवेत सोडली जाते. भिंतीत दोन पत्र्यांच्या मध्ये पफचा थर असतो, त्यामुळे बाहेरची गरमी लवकर आत येत नाही. म्हणून बाहेरचं युनिट सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवा. त्याला भिंत चिकटली, तर गरम हवा तिथेच फिरत राहते आणि बिल वाढतं.

एकदम भरू नका

१ टन टोमॅटो ३५ अंशांवरून १२ अंशांवर आणायचे, तर जेवढी उष्णता काढावी लागते तेवढीत साधारण पावणेतीनशे किलो बर्फ वितळेल. एक टन क्षमतेच्या मशीनला एवढ्यासाठीच सुमारे ७ तास लागतात. दार उघडलं की वेळ आणखी वाढतो. त्यामुळे तोडणी सकाळी लवकर करा, माल सावलीत ठेवा आणि थोडा थोडा आत न्या. क्रेटमध्ये आणि भिंतीजवळ हवा फिरायला जागा सोडा.

सगळा माल एकत्र नको

- द्राक्षं, मेथी, कोथिंबीर: ० ते २ अंश
- हिरवट टोमॅटो, आंबा: साधारण १२-१३ अंश
- केळी: १३-१४ अंश. त्याखाली साल काळी पडते.

पिकणारा आंबा किंवा केळी इथिलीन वायू सोडतात. शेजारी पालेभाजी असेल तर ती लवकर पिवळी पडते. कांद्याला तर ही दमट खोली नकोच.

लाईट गेली तर?

शेतीच्या फिडरवर चोवीस तास वीज नसते. काही सोलर कोल्ड रूममध्ये दिवसा बर्फासारखा पदार्थ गोठवून ठेवतात आणि रात्री त्याची थंडी वापरतात. विकणाऱ्याला सरळ विचारा: वीज नसताना, पूर्ण भरलेल्या मालासह, तापमान किती तास टिकतं? उत्तर लेखी घ्या.

आतून दार उघडतंय ना?

दार बाहेरून बंद असलं तरी आतून उघडणारा दांडा हवाच. खोली ताब्यात घेताना स्वतः आत जाऊन तो तपासा, बाहेर माणूस उभा ठेवून. लहान मुलांना आसपास खेळू देऊ नका.

पैशाचं काय?

केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते. अटी तालुका कृषी कार्यालयात विचारा. एकट्याला परवडत नसेल, तर गट किंवा शेतकरी कंपनीमार्फत घेऊन हंगामात भाड्याने देता येते.

शेवटी एक लक्षात ठेवा. सडका माल या खोलीत सुधारत नाही. चांगल्या मालाला ती फक्त थोडे दिवस मिळवून देते. त्या दिवसांत भाव बघून विकायचं ठरवलं असेल, तरच खर्च वसूल होतो.