एका बाटलीचा नंबर आणि 19 मृत्यू : हाफकिन साहेबांची गोष्ट, आजच्या लसीसाठी

बियाणं उगवलं नाही तर आपण काय करतो? कृषी विभागाकडे तक्रार देतो. अधिकारी शेतात आले की पहिला प्रश्न विचारतात, पिशवी ठेवली का? लॉट नंबर काय? पक्कं बिल आहे का? लॉट नंबर नसेल तर दोष कंपनीचा, दुकानदाराचा की आपल्या पेरणीचा, हे ठरतच नाही.

लसीचंही असंच आहे. गावात लसीकरणाचा दिवस आला की कुणीतरी म्हणतंच, "अमक्या गावात सुई दिली आणि पोरगं आजारी पडलं." मग व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरतं आणि पुढच्या वेळी निम्म्या आया अंगणवाडीकडे फिरकत नाहीत. दोष लसीचा, सुईचा की दुसऱ्याच आजाराचा, हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या नशिबी आला होता. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आहे, हाफकिन इन्स्टिट्यूट. नाव सगळ्यांना माहीत, माणूस कमी लोकांना माहीत.

प्रयोगशाळेतला माणूस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ते ज्यू होते. धर्म बदलायला नकार दिला म्हणून तिथे प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. मग ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तेही सुरुवातीला ग्रंथपाल म्हणून. तिथे त्यांनी कॉलऱ्याची, म्हणजे आपल्याकडच्या पटकीची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली.

1893 मध्ये ते कलकत्त्याला आले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सुमारे 42 हजार लोकांनी त्यांच्याकडून लस घेतली. त्यांची पद्धत साधी होती. एकाच वस्तीत काही जण लस घेणारे, काही न घेणारे. दोघांचं पाणी तेच, गल्ली तीच. मग कोण आजारी पडतं ते मोजायचं. आपण अर्ध्या वावरात एक वाण आणि अर्ध्यात दुसरं लावून बघतो, तसंच.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटी जागा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई परत त्यांनी स्वतःलाच घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. लस घेतलेल्यांत आजारी कमी पडले.

आमच्या घरातली जुनी माणसं सांगायची, घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायचं आणि रानात खोपटी टाकून राहायचं. लस नव्हती तोवर तोच उपाय होता.

त्याच वर्षी कायदा आला

4 फेब्रुवारी 1897 ला सरकारने साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं. सरकारला साथीत हवे ते नियम करायची मुभा, नियम मोडणाऱ्याला शिक्षा आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येणार नाही, असं त्यात होतं. लोकांचे हक्क काय, याचा शब्द नव्हता.

पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. सोल्जर घरात घुसले, बायामाणसांची तपासणी, सामानाची जाळपोळ. 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच रोगासाठी दोन वाटा होत्या. एक जबरदस्तीची. दुसरी आधी स्वतः सुई घेऊन लोकांना "बघा आणि ठरवा" म्हणणारी. आगा खान यांनी लोकांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांचं बघून अनेक जण पुढे आले. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, ती आजही तिथेच आहे.

बाटली 53-एन

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी 107 जणांना प्लेगची लस दिली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. सगळ्या 19 जणांना लस एकाच बाटलीतून मिळाली होती. बाटलीचा नंबर 53-एन.

चौकशी आयोग बसला. त्याने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचं पद गेलं आणि 1904 मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

पण नोंदी शिल्लक होत्या. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुडवून बुचाला लावला होता. शिवाय उघडताना बाटलीला वास नव्हता. जंतू मुंबईतच शिरून इतके दिवस आत वाढले असते, तर वास आलाच असता. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकारला आरोप मागे घ्यावा लागला. हाफकिन परत आले, पण कलकत्त्याला. पाच वर्षं गेली ती गेलीच. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

इथे एक गोष्ट विसरू नका. ते 19 जीव खरेच गेले होते. लस चांगली होती म्हणून त्या घरांचं दुःख कमी होत नाही. म्हणून तर चूक नेमकी कुठे झाली, हे शोधणं गरजेचं असतं.

आज आपल्यासाठी काय?

1897 चा तोच कायदा 2020 मध्ये कोरोनात परत लागू झाला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला गंभीर गुन्हा ठरला. आणि 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. मात्र लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी अटी घालू शकतं. लसीनंतर त्रास झाला तर त्याची नोंद सामान्य माणसालाही करता यावी, असंही कोर्टाने म्हटलं.

तेव्हा मंडळी, लसीकरणाला जाताना एवढं करा :

- सिरिंज नवी आहे आणि पाकीट आपल्यासमोर फोडलं, हे बघा.
- गोवर-रुबेला आणि बीसीजीची लस तिच्या ठरलेल्या द्रावणात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. बाटली कधी उघडली ते विचारा. विचारण्यात लाज नाही.
- सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.
- लसीकरणाचं कार्ड बियाण्याच्या बिलासारखं जपून ठेवा.
- त्रास झाला तर आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. ग्रुपवर मेसेज नंतर.

आपल्या आशाताई उन्हातान्हात दारोदार फिरतात. उद्या काही झालं तर गावाचा पहिला राग त्यांच्यावरच निघतो. त्या वेळी आरडाओरडा करण्याआधी एकच विचारा, बाटलीचा नंबर काय होता? दोष कुणाचा ते तिथूनच सापडतं. निर्दोष माणूस सुटतोही तिथूनच.