आधी गोळी, मग बंदूक

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रॅटन नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या व्हिटिंग्टन सेंटरच्या माळावर ‘किंग ऑफ टू माइल्स’ ही नेमबाजीची स्पर्धा भरत आली आहे. तिच्या अंतिम टप्प्यात लक्ष्ये दोन मैलांपर्यंत जातात. दोन मैल म्हणजे ३,५२० यार्ड, जवळजवळ सव्वातीन किलोमीटर. इतक्या लांबचा नेम धरणाऱ्याची रायफल बहुधा जुळवून घेतलेली असते. नळी एका कारखान्याची, बोल्टची यंत्रणा दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा, दुर्बीण चौथ्याची आणि हे सगळे एकत्र बसवणारा कारागीर आणखी वेगळाच.

अशी रायफल घडवायला निघालेला नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या छिद्राच्या व्यासाचा. दूरचा मारा, मग सर्वांत मोठे कॅलिबर, असा त्याचा साधा हिशेब असतो. हा हिशेब ०.५० ब्राउनिंग या काडतुसावर येऊन थांबतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग यांनी ते मशीनगनसाठी घडवले. १९८२ मध्ये टेनेसीतल्या रॉनी बॅरेट या छायाचित्रकाराने त्याच काडतुसाची, एका माणसाला चालवता येईल अशी रायफल तयार केली आणि अर्ध्या इंचाच्या गोळीभोवती दबदबा निर्माण झाला. दोन मैलांच्या स्पर्धेत मात्र ०.३७५ आणि ०.४१६ इंचांच्या गोळ्यांनी नाव काढले.

याचे कारण हवेत आहे. गोळी नळीतून सुटताना ध्वनीच्या अडीच-पावणेतीन पट वेगात असते आणि त्या क्षणापासून हवा तिला अडवू लागते. ती किती अडेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. आडव्या छेदाच्या मानाने वजन किती, नाक किती निमुळते आणि शेपटी किती आत घेतलेली, यावर ते ठरते. सडपातळ, लांब गोळी वेग राखते. ०.५० इंचाची तितकीच सडपातळ गोळी करता येते, पण ती तितक्याच वेगाने फेकायची तर दारू जास्त लागते, धक्का जास्त बसतो, रायफल जड होते आणि धक्क्याने शिणलेला खांदा चाप नीट ओढत नाही. म्हणून लोकांनी काडतुसाची मोठी पुंगळी ठेवली आणि तिचे तोंड आवळून बारीक गोळी बसवली. ०.४१६ बॅरेटची पुंगळी ही ०.५० ब्राउनिंगचीच, आखूड करून गळ्याशी अरुंद केलेली. ०.३७५ चेटॅक या काडतुसाचे मूळ तर ०.५०५ गिब्ज या १९११ च्या ब्रिटिश शिकारी काडतुसात सापडते.

हा धडा नवा नाही. १८५७ साली इंग्लंडमध्ये हाइथ येथे दोन रायफलींची चाचणी झाली. एक होती ०.५७७ इंचांची एन्फिल्ड. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून त्याच वर्षी हिंदुस्थानात भडका उडाला. दुसरी मँचेस्टरचे यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांची, ०.४५१ इंचांची, षटकोनी छिद्राच्या नळीची. एन्फिल्डच्या नळीतला, गोळीला फिरवणारा पीळ ७८ इंचांत एक फेरा घेई, व्हिटवर्थच्या नळीतला २० इंचांत. बारीक, लांब आणि वेगाने फिरणाऱ्या गोळीने लांबच्या अंतरावर एन्फिल्डला सपशेल मागे टाकले. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने पहिला बार काढला तो आधारावर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीचाच. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. लष्कराने मात्र व्हिटवर्थ स्वीकारली नाही. ती महाग होती आणि काळ्या दारूच्या काजळीने तिची अरुंद नळी लवकर तुंबे.

म्हणून माझे ठाम मत असे, की रायफलीची निवड उलट्या दिशेने करावी. आधी गोळी ठरवावी, मग ती पेलणारी नळी आणि त्यानंतर बाकीचे सगळे. आज या खेळात तांब्याच्या किंवा पितळेसारख्या मिश्रधातूच्या सळईतून लेथवर कातलेल्या अखंड गोळ्या पुष्कळ वापरतात. शिशाहून तांबे हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी आणखी लांब होते. लांब गोळी भोवऱ्यासारखी वेगाने फिरली तरच नाक पुढे ठेवून जाते. १८७९ मध्ये वूलिचचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी गोळीच्या लांबीवरून पीळ काढण्याचे सूत्र दिले. आज त्याहून नेमकी सूत्रे आहेत, पण गाभा तोच. गोळी न ठरवता नळी मागवणाऱ्याला पुढे कळते, की आपल्या नळीचा पीळ त्या उत्तम गोळीला पुरेसाच नाही. मग पीळ बदलता येत नाही, नळीच बदलावी लागते.

नळीवर खर्च करताना हात आखडू नये. चांगल्या नळ्या करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. विस्कॉन्सिनमधले क्रीगर आणि बार्टलाइन एका पात्याच्या हत्याराने पिळाची खाच कापतात. प्रत्येक फेरीत धातूचा अगदी पातळ पापुद्रा निघतो आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. मोंटानातले लिल्या कठीण धातूचे बटण छिद्रातून ओढून खाचा दाबून उमटवतात. त्यात पोलादात ताण उरतो, तो भट्टीत काढावा लागतो. दोन्ही पद्धतींनी जागतिक दर्जाच्या नळ्या निघाल्या आहेत. पद्धतीपेक्षा छिद्राचा व्यास या टोकापासून त्या टोकापर्यंत किती एकसारखा आहे, ते मी आधी विचारीन. आपल्या भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतल्या अनुभवी टर्नरला ही काळजी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बोल्टच्या यंत्रणेचे काम ताकदीचे. बार उडताना पुंगळीत हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट दाब निर्माण होतो आणि पुंगळीचे बूड जितके रुंद तितका बोल्टवर मागे येणारा रेटा मोठा. तेव्हा इथे नेहमीच्या शिकारी रायफलीची यंत्रणा चालत नाही. मोठ्या पुंगळीसाठीच घडवलेली घ्यावी लागते. नळीच्या तोंडावरचा ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवून धक्का बराच कमी करतो, पण शेजारच्या नेमबाजाच्या कानांवर त्याचा मारा होतो. दस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो ताठ असावा आणि अंगाला बसावा.

दुर्बिणीची अडचण मात्र विलक्षण आहे. दोन मैल जायला गोळीला सात-आठ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून दीडशे मीटरहून अधिक खाली येते. म्हणजे नळी तितकी वर रोखायची. इतका फरक भरून काढण्याइतका फिरण्याचा वाव जवळपास कुठल्याच दुर्बिणीच्या चक्रीत नसतो. उपाय म्हणून दुर्बिणीखालची पट्टी पुढे उतरती बसवतात, किंवा भिंगापुढे लोलक लावून दृश्यच सरकवतात. मोठेपणा दाखवणारे आकडे पाहून दुर्बीण घेणारे फसतात ते इथेच. पंचवीस पट मोठे दिसून उपयोग काय, जर आडवी तार लक्ष्यापर्यंत पोचतच नसेल?

मग येते काडतूस. सुटण्याच्या वेगात सेकंदाला फक्त तीन मीटरचा फरक पडला, तर दोन मैलांवर गोळी साधारण मीटरभर वर किंवा खाली लागते. म्हणून हे लोक दारूचा कण न् कण तोलतात, पुंगळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या लावतात आणि उन्हाने वेग बदलू नये अशी दारू शोधतात. हीच काळजी आपल्याकडच्या ५० मीटरच्या खेळातही दिसते. कोल्हापूर जिल्ह्याने या प्रकारात तेजस्विनी सावंत यांच्या रूपाने २०१० ची विश्वविजेती आणि स्वप्निल कुसाळे यांच्या रूपाने २०२४ चा पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता दिला. तिथे काडतूस ०.२२ चे, तयार कारखान्यातले. तरी अव्वल नेमबाज वेगवेगळ्या खेपांची काडतुसे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप नळीला मानवते तीच साठवतात.

मोठ्या कॅलिबरची जुळवाजुळव आपल्याकडे नागरिकाला करता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम त्याबाबत कडक आहेत. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही. कॅलिफोर्नियाने २००५ पासून ०.५० ब्राउनिंगच्या रायफलींवर बंदी घातली आहे. अंतराच्या या ध्यासालाही मर्यादा आहे. २०२२ मध्ये वायोमिंगमध्ये ०.४१६ बॅरेटने ४.४ मैलांवरचे लक्ष्य टिपले गेले, ते ६९ व्या गोळीला. गोळी साडेचोवीस सेकंद हवेत होती. अशा अंतरावर वाऱ्याचा वाटा नेमाहून मोठा होतो. मला रॅटनची शिस्त अधिक मोलाची वाटते, कारण तिथे मोजक्याच गोळ्या मिळतात.

खर्चाचा अंदाज बांधताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात. एवढी दारू जाळणारी नळी साधारण हजार-दीड हजार बारांत थकते. पुंगळीपुढचा भाग तापून तडकतो, झिजतो आणि नेम पसरू लागतो. प्रत्येक गोळी नळीत जेमतेम दोन हजारांश सेकंद असते, म्हणजे नळीचे सारे कामाचे आयुष्य दोन-तीन सेकंदांचे! बोल्ट, दस्ता, दुर्बीण वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून जाणते नेमबाज पहिल्याच वेळी एकाच मापाच्या दोन नळ्या मागवतात. दोन्हींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, एकाच कारागिराकडून, एकाच हत्याराने कापून घेतात आणि ठरवलेल्या गोळीचा पुरेसा साठाही तेव्हाच करून ठेवतात.