फेस आला नाही म्हणजे जखम साफ?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. आजचा विषय बहुतेक तुमच्या घरातच असेल, औषधांच्या डब्यात: हायड्रोजन पेरॉक्साइड.

गेल्या मे महिन्यात रोह्याला आजीकडे आंबे उतरवताना गंजक्या पत्र्याने माझा हात कापला. आजीने खिडकीतली जुनी बाटली घेतली, थोडं औषध स्टीलच्या वाटीत ओतलं आणि कापसाने जखमेवर लावलं. काहीच झालं नाही. "फेस नाय आला ना, म्हणजे घाण नाय," असं म्हणत तिने वाटीतलं उरलेलं परत बाटलीत ओतलं. मलाही ते पटलं.

संध्याकाळी पेणला आत्याकडे आलो. तिने नवी बाटली उघडली आणि तीच जखम पांढरी फसफसली. इनपुट तेच, आउटपुट वेगळं. म्हणजे बग बाटलीत होता!

तर होतं काय? पेरॉक्साइड म्हणजे पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्त. तो तिथे फार टिकत नाही. ऑक्सिजन हळूहळू उडून जातो आणि मागे राहतं साधं पाणी. ऊन, उष्णता, धूळ आणि धातूचे कण हा वेग वाढवतात. आजीच्या बाटलीला हे सगळंच मिळालं होतं. दिसायला पाणी, वासही नाही, त्यामुळे कळतच नाही.

आणि फेस? आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड झटक्यात फोडतं. म्हणून स्वच्छ जखमही फसफसते. फेस म्हणजे घाण नाही, आणि फेस नाही म्हणजे जखम साफ, असंही नाही.

मग बाटली ठेवायची कशी? मूळच्याच बाटलीत, अंधाऱ्या, थंड कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही, कोणीतरी पिऊन टाकेल. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीतही नको, आत वायू साठून ती फुटू शकते. कारखान्यांत येणाऱ्या ५० टक्क्यांच्या ड्रमलाही वायू बाहेर पडेल असंच झाकण असतं. वाटीत काढलेलं परत ओतू नका. व्हिनेगर किंवा ब्लीचमध्ये मिसळू नका.

किती टिकतं? सीलबंद असेल तर लेबलवरच्या तारखेपर्यंत. उघडल्यावर साधारण सहा महिने धरून चला, आणि उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा. शंका आली तर कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका. बटाट्यातही कॅटलेज असतं. बुडबुडे नाहीत, तर औषध संपलं. बुडबुडे आले तरी ताकद किती उरली ते मात्र कळत नाही. जुनं औषध भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडून द्या.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पेरॉक्साइड आपल्या चांगल्या पेशींनाही इजा करतं, म्हणून जखमेवर रोज लावायचं नसतं. साध्या जखमेला वाहतं पाणी आणि साबण पुरतो. जखम खोल असेल किंवा गंजक्या पत्र्याची असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. मला आत्या त्याच रात्री घेऊन गेली. फेसावर विसंबलो असतो, तर गेलोच नसतो.

आज घरी गेलात की तेवढी एक बाटली बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!