भीमगीतांच्या जुन्या रेकॉर्ड : आवाज वाचवा, कवीचे नावही वाचवा

आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत भीमगीतांच्या आणि लोकगीतांच्या जुन्या रेकॉर्ड अजून पडून आहेत. घर पुनर्विकासात गेले किंवा घरातले जुने माणूस गेले की हा गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. त्यातले प्रत्येक गाणे पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आलेच असे नाही. म्हणून ही गाणी संगणकावर उतरवून घेण्याचे काम आता लांबवू नये, असे आम्हाला वाटते. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एका वस्तीत मिळून एक प्लेअर, एक जुना लॅपटॉप आणि थोडी वर्गणी पुरते.

पैसे कमी असतील तर ते आधी सुईवर खर्च करा. माळ्यावरून काढलेला प्लेअर जुन्याच सुईने लावून पाहण्याचा मोह होतो, पण झिजलेली सुई एका फेरीतच रेकॉर्डची खाच खरवडू शकते. सुई रेकॉर्डप्रमाणे बदलते, हेही लक्षात ठेवा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिची सुई साधारण तीन सहस्रांश इंचाची, तर ४५ आणि ३३ च्या रेकॉर्डची एक सहस्रांश किंवा त्याहून बारीक असते. काही जुन्या प्लेअरमध्ये फिरवता येणारी दुहेरी सुई असते. तसा प्लेअर मिळाला तर उत्तमच.

रेकॉर्ड पुसताना जपावे. ४५ आणि ३३ च्या रेकॉर्ड व्हिनाइलच्या असतात. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब आणि मऊ कापड घेऊन खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका. ७८ च्या रेकॉर्ड मात्र लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते. उन्हात तर कोणतीच रेकॉर्ड वाळवू नये.

स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्डिंग करणे सोपे आहे, पण त्यात खोलीचा घुमारा आणि रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा येतो. लॅपटॉपचे माइकचे छिद्रही या कामाचे नाही, तिथे आवाज फाटतो. लाइन-इन असलेले छोटे यूएसबी ऑडिओ कार्ड घ्या. रेकॉर्ड कोरताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज वाढवून कोरलेला असतो. तो पूर्ववत करण्यासाठी मध्ये फोनो प्रीअँप लागतो, नाहीतर ढोलकी पत्र्यासारखी वाजते. यूएसबीवाल्या नव्या प्लेअरमध्ये तो आतच असतो. एचएमव्ही फिएस्टासारख्या जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक पिकअप असतो, त्याला प्रीअँपची गरज नसते. मात्र प्लेअरच्या स्पीकरची वायर थेट संगणकाला जोडू नका.

ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट मिळतो. सर्वात मोठा आवाज शून्याच्या खाली सहा डेसिबलवर राहील असे ठेवा. प्लेअरवर ७८ चा वेग नसेल तर योग्य सुई लावून ४५ वर वाजवा. ऑडॅसिटीत नंतर ४५ वरून ७८ वेग करता येतो. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. वेव्हला मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर शंभरहून जास्त एलपी मावतील. खरखर काढण्याचा प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा आणि तोही बेताने. खरखरीबरोबर झांज आणि कोरसही पुसला जातो. थोडी खरखर राहिली तर राहू द्या.

आता आमच्या मते सर्वात मोलाचे. रेकॉर्डच्या लेबलवर गायकासोबत बहुधा गीतकाराचे, संगीतकाराचे नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक छापलेला असतो. एमपीथ्री होऊन गाणे मोबाईलवर फिरू लागले की ते सारे गळते. गायकाचे नाव कसेबसे टिकते, कवी मात्र ‘पारंपरिक’ होऊन जातो. वामनदादा कर्डकांसारखे कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. डीजेसाठी गाणे कापले की ते कडवेच जाते, म्हणजे गाण्यातली सहीसुद्धा गेली. ज्यांच्या लेखणीवर चळवळ गायली, त्यांची अशी बेदखली आपल्याच हातून होऊ नये. म्हणून दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि कव्हरचे फोटो काढा, फाइलच्या नावात कवी, गायक, क्रमांक लिहा आणि गाणे पूर्ण ठेवा.

घरी ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी प्रत करणे वेगळे आणि यूट्यूबवर टाकणे वेगळे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९६० ची रेकॉर्ड २०२० अखेर मोकळी झाली. कवीच्या शब्दांचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ पर्यंत आहे. परवानगी मागायला संकोच कसला?

ज्या लेबलवर कवीचे नाव छापलेच नाही किंवा लेबल फाटले आहे, ती फाइल वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीच्या माणसांना ऐकवा. पहिले कडवे संपायच्या आत ते अनेकदा कवी सांगतात. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख फाइलसोबत लिहून ठेवा.