पाण्याकाठचे तंबू आणि आपल्या गटाचा हिशेब

मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो होतो. आज तंबूंबद्दल बोलू. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी राहणाऱ्या आम्हा बायकांना हा विषय आता टाळता येत नाही. शनिवार आला की शेंडीपासून मुरशेत, पांजरे, उडदावण्यापर्यंत गाड्यांची रांग लागते आणि अंधार पडायच्या आत काठावर लाल-निळे तंबू उभे राहतात.

एका जागी शंभर तंबू, तिथेच नळ, तिथेच संडास, असा प्रकार वेगळा. आमच्याकडचे तंबू विखुरलेले असतात. दोन या बांधावर, चार त्या माळावर, एखादा पार पाण्याला टेकलेला. याचा फायदा आम्हाला कळतो. मोठा मालक लागत नाही. ज्या घरापुढे माळ आहे त्या घराला दोन पैसे मिळतात, चार भाकऱ्या जास्त खपतात. पण संडास, कचरा, पाणी याची जबाबदारी कोणाचीच नसते, आणि जी कोणाची नसते ती शेवटी बायकांच्या डोक्यावर येते.

आमच्या गटात यावरून वाद झाला तो एका बाटलीमुळे. हिवाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या गाळपेर जमिनीत आम्ही वाल, हरभरा टाकतो. गटातल्या एका ताईंच्या पायात तिथे काच घुसली. टाके पडले, पंधरा दिवस घरी बसाव्या लागल्या. ती बाटली त्या वर्षीची नव्हतीच. उन्हाळ्यात कोणी काठावर फोडली, पावसाळ्यात धरण भरलं, बाटली पाण्याखाली गेली, वर गाळ बसला. पाणी उतरल्यावर ती पायाला लागली. बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, तंबूच बंद करा. उरलेल्या निम्म्या जणींची पोरं तंबूंवरच कमावतात. त्या गप्प बसल्या, पण 'बंद'च्या ठरावावर सही करायला तयार झाल्या नाहीत. आम्हालाही ते बरोबर वाटलं. बंद करून पोरं पुन्हा नारायणगावला मजुरीलाच जाणार ना?

मग आम्ही एकेक गोष्ट नीट समजून घ्यायला लागलो. सगळ्यात आधी संडास. डोंगरात फिरणारे जाणते लोक एक नियम पाळतात. पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी मोठी पावलं लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि माती लोटायची. नियम चांगला आहे, पण आमच्या धरणाला तो तसाच लावला तर फसतो. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलेलं असतं. त्या पाण्यापासून दोनशे फूट मोजले तरी माणूस धरणाच्या पोटातच बसतो! भंडारदरा बहुतेक वर्षी पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं. तेव्हा ती सगळी जागा पाण्याखाली जाते. हेच पाणी पुढे निळवंड्यात आणि तिथून अकोले-संगमनेरकडे जातं. म्हणून अंतर आजच्या पाण्यापासून मोजायचं नाही, भरलेल्या धरणाच्या रेषेपासून मोजायचं. ती रेषा कुठली, हे विचारायला कोणाकडे जावं लागलं नाही. आमच्या एका आजींनी काठी टेकत चालून दाखवली. आम्ही तिथे चुना मारलेले दगड ठेवले.

पाच-सहा माणसं असतील तर वीतभर खड्डा चालतो. वीस-पंचवीस माणसं दर आठवड्याला येणार असतील तर चालत नाही, सगळा माळ खराब होतो. त्यापेक्षा तंबू घराजवळच्या माळावर घ्यावेत आणि घरचं दोन खड्ड्यांचं शौचालय वापरायला द्यावं. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्याचं खत होतं. ओले कागदी रुमाल मात्र त्यात टाकू देऊ नका, ते कुजत नाहीत.

काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेरपासून मोठा पाऊस लागेपर्यंत, गर्दी सगळ्यात जास्त. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. गाडीचे दिवे आणि बॅटरीचा झोत पडला की ती खूण हरवते. मादी अंडी घालते ती ओल्या मातीत, झाडाच्या बुडाशी. तिथेच तंबू ठोकला, चूल मांडली, तर पुढच्या वर्षीचे काजवे आपणच तुडवले. याच दिवसांत वळीव येतो. वारा, विजा. एकट्या उंच झाडाखाली तंबू नको, ओढ्याच्या पात्रात तर नकोच. आणि हा काठ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. वनजमिनीवर परवानगीशिवाय तंबू लावला तर दंड पाहुण्याला होतो आणि नाव गावाचं जातं.

थंडीतली एक गोष्ट पाहुण्यांना ठणकावून सांगा. कोळशाची शेगडी तंबूत न्यायची नाही, निखारे विझत आले असले तरी नाही. बंद तंबूत जो विषारी वायू साठतो त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. दारू पिऊन रात्री पाण्यात उतरणाऱ्यांनाही अडवा. काठ सपाट दिसतो, पण पुढे एकदम खोल आहे आणि गाळात पाय रुततो.

आता पैशाचं. ज्या बाईला स्वतःच्या नावावर तंबूंचा किंवा निवास-न्याहारीचा व्यवसाय करायचा आहे तिच्यासाठी सरकारचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळण्याची सोय त्यात आहे. हप्ते वेळेवर भरावे लागतात, हे आपल्याला सांगायला नको.

पण कर्जाच्या आधी एक साधा प्रश्न आमच्यापुढे आला. वीस माणसांच्या भाकऱ्या थापते कोण? पिठलं, ठेचा, पाणी, भांडी? बाई. आणि पैसे जातात मोबाइलवर. तो चौकोनी कोड घरच्या पुरुषाच्या नावाचा असतो. हंगाम संपल्यावर आम्ही वही काढून बसलो तेव्हा निम्म्या जणींना आपण किती कमावलं हे सांगताच येईना.

आता आम्ही तंबूच्या जागेचं भाडं आणि जेवणाचे पैसे वेगळे केले आहेत. जागेचं भाडं घराचं. जेवणाचे पैसे गटाच्या बँक खात्यावर, आणि जिने जितके दिवस स्वयंपाक केला तितका तिचा वाटा महिनाअखेरीला. कचऱ्याची पिशवी आणि बाटल्या पाहुण्यांनी परत नेल्या तरच अनामत परत. गटाच्या खात्याचा कोड लॅमिनेट करून आम्ही नऊ घरांच्या ओट्यावर लावला आहे. दोन घरांत तो अजून आत, कपाटात ठेवलेला आहे. त्या दोन्ही भाऊजींशी बोलायला येत्या गुरुवारी आम्ही चौघी जाणार आहोत.