खण, खोली, बेडरूम, कॉट

कोल्हापूरच्या पेठांमध्ये एकेकाळी घर खणात मोजत. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. त्यातले पुढचे दोन खण मालक भाड्यानं देई. मग खोल्या आल्या. 'दोन खोल्या, मोरी आत' एवढ्यात सगळं सांगून होई, आणि त्या 'आत'ला खोलीइतकीच किंमत होती. निजायची खोली वेगळी असते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रात्री वळकटी सोडली की झालं.

भाडं मात्र जागचं हलत नव्हतं. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं आणि मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा इकडंही आला. पुढं १९७३ च्या दुरुस्तीनं, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. मालकांनी याचा असा धसका घेतला की माडीवरच्या खोल्यांना कुलपं घालून ठेवणं त्यांना परवडायला लागलं. भाडेकरू बसला तो बसला, हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येई.

ती कुलपं निघाली ती अपार्टमेंट आणि नव्या कायद्यामुळं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अशी अट आली. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या समजुतीतून अकरा महिन्यांची प्रथा रुजली होती. आता इथं ती पळवाट उरलेली नाही, तरी आपण अकराच लिहितो!

याच काळात मोजमाप बेडरूमवर आलं. वन आरके, वन बीएचके, टू बीएचके. एक गोष्ट मात्र या हिशेबात बसत नाही. बेडरूम दुप्पट झाली म्हणून भाडं दुप्पट होत नाही, कारण स्वयंपाकघर, संडास, लिफ्ट, पाणी यांचे पैसे पहिल्याच बेडरूममध्ये वसूल झालेले असतात. विद्यार्थ्यांनी हे बरोबर हेरलं. समजा, टू बीएचकेचं भाडं १२,००० आहे. कॉट बेसिसवर चार पोरांकडून चार-चार हजार घेतले की मालकाला १६,००० सुटतात. मग नोकरदार कुटुंबाला 'फक्त फॅमिलीसाठी' ही पाटी शोधत हिंडावं लागतं.

२०१९ च्या महापुरानं आणखी एक प्रश्न पुढं आणला. व्हीनस कॉर्नर, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली पाण्यात गेली, आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा आली. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी तळमजला शोधणारी घरं आता बेडरूम किती, हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" माझ्या मते या शहरातला हाच सर्वांत प्रामाणिक भाडेप्रश्न. उत्तर देताना एजंट हात कमरेशी नेतो की छातीशी, तेवढं बघावं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येतात. आता वकीलमंडळी टू बीएचके बघायला येतात, तेव्हा दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग कुठं बसेल हे पाहत नाहीत. कपाटं आणि अशिलांच्या खुर्च्या मावतील का, तेवढं भिंतीला टेप लावून मोजतात.