हातातले खेळयंत्र : कोणासाठी कोणते?

परीक्षा संपल्या की घरोघरी हट्ट सुरू होतो तो हातात धरून खेळावयाच्या यंत्राचा, म्हणजेच मुलांच्या भाषेत ‘हँडहेल्ड कन्सोल’चा. किंमत हजारांच्या घरात असल्याने वडीलमंडळी गोंधळतात आणि बहुधा सर्वांत महाग ते सर्वांत चांगले असे समजून मोकळी होतात. आमच्या मते आधी खेळणारा ओळखावा आणि मग यंत्र पाहावे.

या यंत्रांचा इतिहासही हेच सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ काढला, तेव्हा त्याचा पडदा रंगहीन आणि हिरवट होता. त्याच वर्षी अटारीचे ‘लिंक्स’ व १९९० मध्ये सेगाचे ‘गेम गिअर’ ही रंगीत यंत्रे आली. परंतु गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन-पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. शिवाय ‘टेट्रिस’सारखा लहानथोरांना रमविणारा खेळ त्याच्याजवळ होता. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली. दिखाऊपणावर उपयुक्ततेने मात केली ती अशी.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. एकट्याने खेळणाऱ्या लहान मुलासाठी २०१९ चे ‘स्विच लाइट’ सोयीचे. वजन अवघे २७५ ग्रॅम, आणि बटणांचे भाग जोडलेलेच असल्याने हरवण्याची भीती नाही. मात्र ते दूरचित्रवाणी संचाला जोडता येत नाही.

घरात भावंडे असतील, सुटीत आते-मामेभावंडे जमत असतील, तर २०१७ चे मूळ ‘स्विच’ अथवा मोठ्या, उजळ पडद्याची २०२१ ची आवृत्ती बरी. तिच्या दोन्ही बाजूंचे भाग सुटे करून दोघांना खेळता येते, आणि यंत्र दूरचित्रवाणीला जोडले की सारे घर भोवती बसते. २०२५ मध्ये आलेले ‘स्विच २’ अधिक समर्थ असून जुने बहुतेक खेळ त्यावर चालतात.

महाविद्यालयीन मुलाने संगणकासाठी ‘स्टीम’वर खेळ विकत घेतलेले असतील, तर २०२२ चे ‘स्टीम डेक’ पाहावे. त्यातले बरेच खेळ पुन्हा पैसे न मोजता येथे चालतात, सगळे मात्र नव्हे. विंडोजवर चालणारे ‘आरओजी अ‍ॅलाय’ अधिक खेळ चालवते, पण त्याची देखभाल संगणकासारखीच करावी लागते. ही यंत्रे सहाशे ग्रॅमहून जड असल्याने लहान हातांना पेलत नाहीत.

सोनीचे ‘प्लेस्टेशन पोर्टल’ घेताना विशेष सावध असावे. ते स्वतः खेळ चालवीत नाही, तर इंटरनेटच्या आधारे दुसरीकडे चालणारा खेळ दाखविते. इंदूरहून पुण्याला आजोळी निघालेल्या मुलाला आगगाडीत त्याचा उपयोग नाही.

आणि ज्यांना दुपारी घटकाभर बुद्धिबळ किंवा पत्ते खेळावयाचे आहेत, त्या आजी-आजोबांना हातातला मोबाइल पुरेसा आहे.

खरा खर्च यंत्र घेतल्यानंतर सुरू होतो, कारण खेळ वेगळे घ्यावे लागतात. कार्डावरचा खेळ धाकट्याला देता येतो वा विकता येतो, उतरवून घेतलेला विकता येत नाही. ‘स्विच २’च्या काही कार्डांत तर केवळ किल्ली असते आणि खेळ उतरवूनच घ्यावा लागतो, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे. परदेशस्थ नातलगाने आणलेल्या यंत्राची हमी आपल्या गावी चालेल काय, हेही आधी विचारावे.

खेळण्याची वेळ ठरविण्यासाठी निन्टेन्डोचे मोफत मोबाइल अ‍ॅप आहे. तरीही ती मर्यादा यंत्र घरात येण्यापूर्वी मुलाशी बोलून ठरवावी. मागाहून घातलेले बंधन मुलांना शिक्षा वाटते, आधी ठरलेले मात्र घराचा नियम होऊन जाते.